बावखलाचे वारस

आमचं बावखल, घरामागचं तळं, त्या माणसामुळे गेलं, असं गावात आता सगळेच म्हणतात. चर्चबाहेर म्हणतात, मयताच्या घरी म्हणतात, भाजीवालीसमोरही म्हणतात. "ऑस्ट्रेलियाने घालवलं," असं सरळ. मी ऐकून घेते. मध्ये बोलायला मला तोंड नाही, आणि ते का नाही हेच आज सांगायचं आहे.

ऑस्ट्रेलिया म्हणजे तोच माणूस. गाव त्यांना दुसऱ्या नावाने ओळखतच नव्हतं. "ऑस्ट्रेलिया चर्चात मिस्साला आला होता का?" "ऑस्ट्रेलियाचा पंप बिघडलाय म्हणे." सतरा वर्षं ते मेलबर्नला होते. बायको नर्स. तिला तिकडे नोकरी लागली म्हणून हे मागोमाग गेले, आणि इथे वाडीचा मालक म्हणवणारा माणूस तिथे उपनगरातल्या कचऱ्याच्या गाडीवर लागला. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. लपवली असती तर गावाने जास्त मान दिला असता. बायको तिकडेच वारली, मुलगा तिकडेच राहिला, आणि हे एकटे परत येऊन आमच्या शेजारच्या आपल्या जुन्या कौलारू घरात राहायला लागले. मी त्यांना अंकल म्हणायची. मी मराठी शाळेत शिकवते, म्हणून ते मला टीचर म्हणायचे.

आल्या आल्या त्यांनी फाटकाबाहेर तीन पिंपं मांडली आणि त्यांची झाकणं रंगवली, एक हिरवं, एक पिवळं, एक लाल. हिरव्यात ओला कचरा, पिवळ्यात कागद-काच-प्लास्टिक, लालमध्ये उरलेलं. सकाळी घंटागाडी आली, आणि गाडीवरच्या माणसाने तिन्ही पिंपं एकाच ढिगावर उपडी केली. अंकलनी गाडी थांबवून त्याला पंधरा मिनिटं समजावलं. तो बिचारा ऐकत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही बोलता ते बरोबर, पन पुढं जाऊन सगळं एकच होनार." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन पिंपं. तिसऱ्या दिवशीही. ते जाईपर्यंत हे रोज चाललं. मी एकदा म्हटलं, "अंकल, कशाला धुऊन पुसून बाटल्या वेगळ्या ठेवता? डोळ्यांदेखत एकत्र करतात." तर म्हणाले, "माझ्या फाटकापर्यंत मी बरोबर आहे. फाटकाबाहेर देव बघून घेईल."

पण फाटकाबाहेर देवावर सोपवून ते स्वस्थ बसणारे नव्हते. लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांवर ते चिठ्ठ्या चिकटवायचे. तिकडे म्हणे अशीच पद्धत आहे. डब्यात नको ते सापडलं की गाडीवाला चिठ्ठी लावून जातो, आणि माणूस शरमून सुधारतो. आमच्याकडे शरमण्याची पद्धत नाही. "आपल्या ओल्या कचऱ्यात आज तीन डायपर आढळले. कृपया विचार करावा," अशी चिठ्ठी लागल्यावर समोरच्या घरातला बाप्या चिठ्ठी हातात घेऊन त्यांच्या दारात आला आणि माझ्या नातवाचं हागणं तू कशाला मोजतोस म्हणून ओरडला. अंकल शांतपणे त्याला छापील मराठीत उत्तर देत राहिले. घरी ते आमच्या बोलीत बोलायचे, देवाशी कशात ते ठाऊक नाही, पण भांडण मात्र नेहमी छापील मराठीत करायचे. त्यामुळे समोरचा घाबरतो, असा त्यांचा समज होता. कोणी घाबरत नव्हतं. आणखी चिडत होते.

त्यांच्या न्हाणीघरात एक गजर होता. चार मिनिटं झाली की टर्रर्र वाजायचा, मग पाणी बंद. तिकडे दुष्काळाच्या वर्षांत लागलेली सवय. भिंतीपलीकडे आम्हाला स्पष्ट ऐकू यायचं, आणि माझी सासू भाजी निवडता निवडता म्हणायची, "झाली ऑस्ट्रेलियाची आंघोल." बाहेर पडताना ते नाकावर पांढरं मलम फासायचे आणि सुपाएवढी टोपी घालायचे. शाळेतली पोरं मागे लागायची. अंकल थांबून त्यांना कातडीच्या कॅन्सरची माहिती द्यायचे, मग पोरं आपोआप पांगायची.

एकदा त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना रविवारच्या जेवणाला बोलावलं. सगळ्यांनी आपापला एकेक पदार्थ करून आणायचा, सगळे मिळून खायचं, तिकडे असंच करतात, असं आमंत्रणातच लिहिलं होतं. माझ्या सासूने कपाळाला हात लावला. "जेवाला बोलवतो आनि डबा आनाला सांगतो! असं कोन करतं गं बाय?" कोणी गेलं नाही. मी तेवढी डुकराच्या मटणाच्या इंदेलाचं भांडं घेऊन गेले. त्यांनी अंगणात तीन बाकं मांडली होती, चादरी घातल्या होत्या, बायकोची आठवण म्हणून जपलेले काचेचे ग्लास धुऊन ठेवले होते. आम्ही दोघांनीच खाल्लं. दुपारी त्यांनी चादरी घडी करून आत नेल्या आणि म्हणाले, "टाइम चुकला बहुतेक. रविवार नको होता."

त्यांच्या तोंडून ऑस्ट्रेलियाची स्तुती ऐकायला येणाऱ्यांची मात्र निराशा व्हायची. तिकडची माणसं काही देवमाणसं नाहीत, दंड आहे म्हणून नीट वागतात, असं ते स्वच्छ सांगायचे. बायको गेली तेव्हा रस्त्यावरच्या पाच घरांनी दारात जेवणाचे ट्रे ठेवले. वर चिठ्ठी, तापवायचं कसं आणि ट्रे परत कुठे द्यायचा. "पाच ट्रे, टीचर. आत एक माणूस आला नाही. त्यांचं चुकलं नाही हां. त्यांच्यात दुःख असलं की माणसाला एकटं सोडतात. मी एकटा पाच ट्रे खात बसलो." हे सांगताना ते हसले होते. मला राग आला होता, कोणावर ते कळलं नव्हतं.

आणि वणव्याचा उन्हाळा. रान पेटलं दूर, पण धूर शहरात. दोरीवरच्या कपड्यांवर राख, सकाळी नऊ वाजता नारिंगी काळोख. त्या उन्हाळ्यात त्यांनी परत यायचं ठरवलं. "तिथे पाण्याला वार ठरलेले," ते म्हणाले. "सम नंबरच्या घरांनी आज झाडांना पाणी घालायचं, विषमवाल्यांनी उद्या. आणि मला आपलं बावखल आठवायचं. भरलेलं, कोणाचं लक्ष नसलेलं."

बावखल म्हणजे आमच्याकडचं घरामागचं तळं. पूर्वजांनी खणून माती वाडीला घातली आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठवलं. त्यावर रहाट, रहाटावर केळी, पानवेली, मोगरा. रहाट गेले, मोगराही गेला, पण आजूबाजूच्या विहिरी गोड राहिल्या त्या बावखलामुळेच. समुद्र इतका जवळ, की ते नसतं तर खारं पाणी कधीच आत घुसलं असतं. आणि धो धो पाऊस पडला की गावाचं पाणी तिथे जाऊन थांबायचं. आमचं बावखल आठ-नऊ घराण्यांच्या सामाईक मालकीचं. मे महिन्यात पाणी उतरलं की मासे धरायचे आणि प्रत्येक घराला वाटा. बाकी वर्षभर सगळ्यांनी त्यात कचरा टाकायचा. नाताळ झाला की देखाव्यातल्या गोठ्याचं थर्माकोलही तिथेच.

अंकल रोज टोपी घालून त्यात उतरायचे आणि जलपर्णी ओढून काढायचे. काठावर त्यांनी खुणा रंगवलेला बांबू रोवला होता, दर रविवारी मिस्सावरून येताना पाणी किती ते वहीत लिहायचे. लोक हसायचे. पण गावातली दोन बावखलं त्या वर्षांत बुजून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि मग एका पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा लोकांच्या ओट्यावर चढलं, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

आमचं बावखल तोवर वाचलं होतं ते कोणाच्या प्रेमामुळे नाही, आमच्या आळसामुळे. सातबारावर अजून पणजोबांचीच नावं होती. वारस लावायला कोणी गेलंच नव्हतं. निम्मे वारस मुंबईत, उरलेल्यांतले बरेच ऑस्ट्रेलियात, कॅनडात. बिल्डर यायचे, सातबारा बघायचे आणि चहा पिऊन परत जायचे. इतकी माणसं कोण गोळा करणार?

अंकलनी गोळा केली. तिकडे त्यांच्या घराजवळ एक ओढा होता. रहिवाशांनी मंडळ काढून, सह्या करून, तो राखीव करून घेतला होता, तिथे पाटी होती आणि दर महिन्याला लोक जमून तण काढायचे. तसंच इथे करायचं. सगळ्या वारसांची नावं चढवायची, सगळ्यांनी मिळून एक संस्था करायची आणि बावखल तिच्या नावावर द्यायचं, म्हणजे पुढे कोणालाच विकता येणार नाही. "कागद नसला म्हणजे नशीब, टीचर. कागद असला म्हणजे हक्क," ते म्हणायचे. मला पटलं. मी त्यांची लेखनिक झाले.

दोन वर्षं आम्ही माणसं शोधत होतो. फादरांची परवानगी काढून बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या उतरवून घेतल्या. एकाच घराण्यात एकाच नावाचे चार-चार बाप्ये, त्यांच्या बायका, लग्न होऊन गेलेल्या मुली. शाळा सुटली की मी त्यांच्या ओट्यावर बसायची. चर्चच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही वंशावळ काढली, कॅलेंडरं चिकटवत गेलो, शेवटी ती भिंतभर झाली. "टीचर, लिही," एवढंच त्यांचं वाक्य. वारस नोंदीचे अर्ज, पोस्टाच्या पावत्या, हेलपाटे. ज्या दिवशी सातबाऱ्यावर पणजोबांच्या जागी आमची सगळ्यांची नावं आली, त्या दिवशी ते तो कागद घेऊन घरोघर फिरले. लोकांनी पहिल्यांदाच त्यांना आत बोलावून चहा दिला. आपण मालक आहोत, हे त्या दिवशी प्रत्येकाला कागदावर दिसलं. मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

परदेशातल्या वारसांच्या वतीने इथे सह्या करायला कोणीतरी हवा होता, म्हणजे त्यांच्याकडून कुलमुखत्यारपत्र आणायला हवं. अंकल म्हणाले, मी म्हातारा, आज आहे उद्या नाही, कोणी तरुण माणूस बघ. मग त्यांनीच विचारलं, "तुझा भाऊ कसा?"

माझा भाऊ स्टेशनकडच्या नव्या वस्तीत, एव्हरशाईन सिटीत राहतो, जागांच्या कागदपत्रांचं काम करतो, आणि आमच्या वडिलांच्या बाजूने वारसही आहे. मी म्हटलं, "चांगला आहे."

"तू म्हणतेस म्हणजे झालं," अंकल म्हणाले.

भावाने वकिलाकडून मसुदा आणला. अंकलच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्याचं अजून व्हायचं. त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मी ओट्यावर बसून वाचत गेले, आणि दुसऱ्या पानावर एक वाक्य आलं. सदर मिळकत विकणे, विकसनास देणे व त्याबाबत सर्व दस्तांवर सह्या करणे.

ते मी मनात वाचलं. मोठ्याने वाचलं नाही.

"पुढे?" अंकल म्हणाले.

"पुढे वकिलांचं नेहमीचंच आहे, अंकल. कचेरीत जाणं, सह्या करणं, असलंच."

"बरं."

आदल्या दिवशीच मी भावाला फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला होता, "अगं ताई, ते सगळ्यांच्याच कागदात असतं. छापील आहे. काढायला सांगितलं तर वकील परत चार महिने लावेल." खोटं कशाला बोलू? त्याच्या मनात काय आहे हे मला नक्की ठाऊक नव्हतं. पण संशय आला होता, आणि तो संशय मला नकोसा वाटला नाही. दोन खोल्या, सासू, नवरा, वाढती मुलं, दर पावसात गळणारी कौलं. मी पान उलटलं.

मसुदा मराठीत असावा, हा हट्ट अंकलचाच. आपल्या पूर्वजांचं पाणी, कागद आपल्या भाषेत हवा. कागद मी वाचला होता, म्हणून पुन्हा न वाचता ते स्वतः तिकीट काढून तिकडे गेले. मेलबर्न, पर्थ, मिळेल त्याच्या घरी राहून सह्या गोळा केल्या, एकेकाला वकिलातीत नेऊन शिक्के मारून घेतले, कॅनडातल्यांचे कागद पोस्टाने मागवले. म्हाताऱ्यांनी त्यांच्यावर विश्वासाने सह्या केल्या. तिथे वाढलेल्या मुलांना देवनागरी अक्षर येत नव्हतं. अंकलनी त्यांना तोंडी सांगितलं, यात बावखल वाचवायचं लिहिलंय. मुलांना दाखवायला म्हणून त्यांनी बरणीत बावखलातला चिखलही नेला होता. विमानतळावरच्या फॉर्ममध्ये स्वतःच लिहून दिलं की माती आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्याने ती बरणी काढून घेतली. परत आल्यावर हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. "बरोबर केलं त्यांनी. बाहेरची माती आत येऊ द्यायची नसते. नियम आहे." त्या अधिकाऱ्याला बावखल म्हणजे काय ते त्यांनी मागच्या रांगेचा खोळंबा करून समजावलं होतं.

पुढचं सगळं चार महिन्यांत झालं. संस्थेचं बोलणं मागे पडलं आणि एक दिवस गावात कळलं की व्यवहार झाला. इथल्या वारसांनी स्वतः सह्या केल्या होत्या, आनंदाने. परदेशातल्यांच्या वतीने माझ्या भावाने. एकट्या अंकलची सही राहिली, पण तेवढ्यासाठी बिल्डर थांबला नाही. एकाही बिल्डरला जे जमलं नव्हतं ते काम अंकलनी दोन वर्षं खपून, चर्चच्या वह्या चाळून, पदरचं तिकीट काढून आयतं करून दिलं होतं. वंशावळीची एक प्रतही माझ्या भावाने मागून नेली होती. तीही मीच दिली होती.

डंपर हायवेजवळच्या सातिवलीकडून यायचे, पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा भरून. अंकल टोपी घालून, नाकाला मलम लावून पहिल्या डंपरसमोर उभे राहिले आणि छापील मराठीत बोलले. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. तक्रारी केल्या, पण सातबाऱ्यावर बावखल असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, नुसती जमीन होती. बुजवायच्या आधी पंप लावून पाणी उपसलं तेव्हा सगळं गाव बादल्या घेऊन गेलं. इतके मासे मी आयुष्यात पाहिले नव्हते. सगळ्यांनी बसून नीट वाटे केले, एकाही घराला कमी पडू दिलं नाही. अंकलच्या दारातही कोणीतरी त्यांचा वाटा नेऊन ठेवला. वाट्याचा रिवाज आम्ही शेवटपर्यंत पाळला. आमच्या घरी त्या दिवशी कालवण होतं, आणि मी जेवले.

फोन त्यांना यायचे, भावाला नाही. पर्थच्या एका चुलतबहिणीने त्यांना विचारलं, "तू माझ्या घरी जेवलास, माझ्याच टेबलावर सही घेतलीस, आणि हे केलंस?" भिंतीपलीकडून मला त्यांचं उत्तर ऐकू यायचं. ते तिला सांगत होते की काहीतरी चूक झाली आहे, कागदात तसं नव्हतं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. कॅलेंडरांची वंशावळ भिंतीवरून सुटून पाण्यात पडली. उन्हाळ्यात विहीर मचूळ झाली. मेलबर्नहून त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला आणि सामान बांधायला लागला. निघायच्या दिवशी अंकल आमच्या दारात आले. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तोवर झाली होती, आणि ते माझ्याकडे अगदी स्वच्छ नजरेने बघत होते.

"टीचर, एकच विचारायचंय. तू वाचलंस तो कागद. विक्रीचं वाक्य त्यात होतं?"

मुलगा गाडीपाशी उभा होता. माझी सासू आतून बघत होती.

"नव्हतं, अंकल," मी म्हटलं.

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता रडतील. "मला माहीतच होतं. मग पान बदललं त्यांनी. नंतर बदललं." आणि खाली बघून म्हणाले, "मध्ये एक-दोनदा मला तुझा संशय आला होता, टीचर. माफ कर."

आता आम्ही बावखलाच्याच जागेवरच्या इमारतीत, वाट्याला आलेल्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर राहतो. खोल्या मोठ्या आहेत. भाऊ सणासुदीला येतो, आम्ही त्या विषयावर बोलत नाही. गाव म्हणतं ऑस्ट्रेलियाने घालवलं, आणि ते एका परीने खोटंही नाही.

अंकल मेलबर्नहून लढताहेत. कुलमुखत्यारपत्राचं दुसरं पान बदललेलं आहे, असा अर्ज ते ठिकठिकाणी पाठवतात. सगळीकडून एकच उत्तर येतं, की प्रत्येक पानावर सह्या आणि शिक्के आहेत, पान बदलल्याचा पुरावा नाही. मग ते दुसऱ्या ठिकाणी लिहितात. प्रत्येक अर्ज आधी हाताने लिहून, फोटो काढून मला पाठवतात, मराठी तपासायला. मी तपासते, नीट उतरवून परत पाठवते. परवाच्या अर्जात शेवटी त्यांनी लिहिलं होतं की सदर कागद वाचून दाखवणाऱ्या शिक्षिका हयात असून त्या साक्ष देण्यास तयार आहेत, आणि खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

ती जागा गेल्या तिन्ही अर्जांत होती. मी बाकी सगळं दुरुस्त करते आणि ती तशीच कोरी ठेवून पाठवते. त्यावर त्यांचा निरोप येतो, दर वेळी तोच.

"घाई नाही, टीचर. शाळा सांभाळून, तुझ्या सवडीने कर."